एप्रिल २०१७ चा कॉम्प्युटर नेमका कधी जुना झाला?

“दादा, कॉम्प्युटर जुना झाला.”

मावसभावाचा हा फोन साडेआठ वर्षांत मला चार वेळा आला. मशीन तेच, वाक्यही तेच, पण ‘जुना’ म्हणताना त्याला दर वेळी काहीतरी वेगळंच म्हणायचं होतं. पहिल्या तीन फोनांच्या वेळी ते माझ्याही लक्षात आलं नाही. मशीनचे पार्ट मीच निवडून दिले होते, त्यामुळे या प्रकरणात चुका निघतील त्यातल्या निम्म्या तरी माझ्याच खात्यावर आहेत.

भाऊ व्हिडिओ एडिटिंग करतो. मुलाखती, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, क्वचित एखादा लघुपट. एप्रिल २०१७ मध्ये त्याला असेंबल्ड मशीन करून दिलं, ते असं: इंटेल कोअर आय-७ ७७००के, झेड-२७० चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, २५० जीबीची एसएसडी, २ टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर त्याच वर्षी जानेवारीत बाजारात आला होता. चार कोअर (एकाच वेळी काम करणारे चार मेंदू म्हणा), आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची आठ कामं), वेग ४.२ गिगाहर्ट्झ आणि गरज पडली की ४.५ पर्यंत. विकणारा म्हणाला, “आता दहा वर्षं बघायला नको.” मी मान डोलावली. हे आधी सांगून टाकलेलं बरं.

मान डोलावण्यामागे एक हिशेब होता. कॉम्प्युटर घेतला की दुसऱ्या दिवशी जुना होतो, ही भीती नव्वदच्या दशकातली आहे आणि तेव्हा ती खरीच होती. १९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनीही १ गिगाहर्ट्झ गाठला. सात वर्षांत पंधरापट. मग २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि तिथे गाडी उष्णतेत अडकली. ४ गिगाहर्ट्झचं जाहीर झालेलं मॉडेल इंटेलला रद्द करावं लागलं. वेग वाढत नाही म्हणून कोअर वाढवायला सुरुवात झाली. पण घरगुती डेस्कटॉपसाठी इंटेलचे चार कोअर २००७ च्या सुरुवातीलाच आले होते आणि २०१७ च्या सुरुवातीलाही चारच होते. मी म्हटलं, दहा वर्षं काही हललं नाही, आता काय हलणार? झेड-२७० बोर्ड घेतोय, उद्या वाटलंच तर त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवू.

त्याच महिनाभरात भावाच्या एका मित्राने एएमडीचा रायझन ७ १७०० घेतला. आठ कोअर, मार्च २०१७ मध्ये आलेला, एकदम नवा कोरा. “पहिल्या फटक्याचा माल आहे, घेऊ नकोस,” असं मी त्याला सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. त्याच्याकडे पुढे येतोच.

पहिला फोन: सहा महिने

५ ऑक्टोबर २०१७ ला इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर विक्रीला आले. रायझनने शेपटीवर पाय दिला होताच; दहा वर्षं अडलेली कोअरची संख्या एका झटक्यात चारवरून सहावर गेली. आय-७ ८७००के मध्ये सहा कोअर, ते सोडा; मधल्या दर्जाच्या आय-५ ८४०० मध्येसुद्धा सहा. सर्वांत वरचा म्हणून आम्ही घेतलेला प्रोसेसर सहा महिन्यांत मधल्या रांगेत येऊन बसला.

भावाची अपेक्षा सरळ होती: तू म्हणाला होतास ना, त्याच बोर्डावर नवा बसवू? प्रोसेसर बसतो त्या खाचेचं, म्हणजे सॉकेटचं, नाव तेच होतं, एलजीए ११५१. मापही तेच. पण पिनांची वाटणी बदलली होती, प्रोसेसरला वीज पोचवणाऱ्या पिना वाढवल्या होत्या आणि नव्या प्रोसेसरना ३०० मालिकेचा चिपसेट लागत होता. म्हणजे आमच्या बोर्डावर बसू शकणारा सर्वांत चांगला प्रोसेसर पहिल्या दिवसापासून बसलेलाच होता. पुढे वाढायला जागा आहे म्हणून घेतलेल्या बोर्डाला पुढची जागाच नव्हती.

गंमत म्हणजे त्या दिवशी मशीनला काहीच झालेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये जो व्हिडिओ जितक्या मिनिटांत बाहेर पडत होता, तो ऑक्टोबरमध्येही तितक्याच मिनिटांत पडत होता. जुनी झाली होती ती मशीनची ऐट. मी त्याला म्हटलं, आठवडाभर बातम्या वाचू नकोस. हा उपचार लागू पडला.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरच्या रचनेतलेच दोष जाहीर झाले. ते झाकणाऱ्या अपडेटमुळे मशीन मंद होणार, अशी हाकाटी झाली. त्या वेळी दिलेला अंदाज असा होता की विंडोज १० वर सहाव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरना एक आकडी टक्क्यांचा फटका बसेल, जुन्यांना जास्त. भावाला तो जाणवलाही नाही. व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवताना, प्रोसेसर बराच वेळ स्वतःचं गणित करत बसतो, ऑपरेटिंग सिस्टिमचं दार फारसं ठोठावत नाही. आणि त्या दुरुस्त्यांची किंमत मुख्यतः दार ठोठावण्यावर होती.

दुसरा फोन: साडेतीन वर्षं

हा फोन मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या वेळी तक्रार खरी होती. २०२० चा शेवट. “टाइमलाइनवर क्लिप टाकली की अडखळते. एक कट मारायला दोन मिनिटं. नवीन मशीन बघतोय.” कोटेशनसुद्धा मागवून झालं होतं.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. कॅबिनेटचं झाकण काढण्याआधी तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला आणि एक जुना प्रोजेक्ट रेंडरला टाकला. मिनिटभरात आकडा १०० अंशांवर गेला. ७७००के ची मर्यादा तीच. तिथे पोचला की जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच खाली आणतो. झाकण उघडलं. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पंख्यामागे, पात्यांच्या तोंडावर धुळीची नमद्यासारखी घट्ट वळलेली चादर होती. चिमटीत धरून ओढली तर अख्खी, एका तुकड्यात निघाली. हीटसिंक काढला तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. साफसफाई, नवी पेस्ट, पुन्हा तोच प्रोजेक्ट: तापमान ऐंशीच्या आत आणि वेग पुन्हा ४.४-४.५. हा भाग एका दुपारी संपला.

दुसरं दुखणं डिस्कचं. एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅश (तात्पुरत्या कामाची) फाइल हार्ड डिस्कवर ठेवलेली आणि डिस्क काठोकाठ भरलेली. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा अर्धा फेरा होतो साधारण ४ मिलिसेकंदांत, त्यात वाचणारं डोकं हव्या त्या जागी सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे गोळा करायचे तर सेकंदाला शंभरेक तुकड्यांपलीकडे ती जाऊच शकत नाही. एसएसडीला हे सरकणंच नसतं. बोर्डावर एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणाऱ्या, जास्त वेगवान) एसएसडीची जागा २०१७ पासून रिकामी होती. तिथे एक लावली, कॅश तिच्यावर हलवली, रॅम १६ ची ३२ केली. ‘कॉम्प्युटर जुना झाला’ म्हणून जितकी मशीन लोक बदलतात, त्यातली बरीचशी या तीन गोष्टींतच अडकलेली असतात असं माझं मत आहे: धूळ, फिरती डिस्क, तोकडी रॅम.

तरीही टाइमलाइन अडखळतच होती. जुने प्रोजेक्ट लोण्यासारखे, नवे तसेच रखडत. मग मी त्याला विचारायला हवं होतं ते विचारलं: तुझ्या कामात काय बदललं?

कॅमेरा बदलला होता. नवा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) मध्ये, १० बिट (रंगछटांच्या जास्त बारीक पायऱ्या), ४:२:२ असं चित्रीकरण करत होता. हे आकडे जरा उलगडतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. व्हिडिओत प्रत्येक बिंदूचा उजळपणा, म्हणजे तो किती प्रकाशमान आहे, वेगळा साठवतात आणि रंग वेगळा. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत चार बिंदूंच्या चौकोनात उजळपणाचे चार आकडे पण रंगाची एकच जोडी असते. ४:२:२ मध्ये रंगाच्या दोन जोड्या. रंगदुरुस्ती करणाऱ्याला ते वरदान. पण असा व्हिडिओ उलगडून दाखवण्याचं काम प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डातला एक खास छोटा विभाग करतो आणि त्याला कारखान्यात जे प्रकार शिकवले असतील तेच त्याला येतात. ७७००के मधल्या विभागाला १० बिट एच.२६५ येत होतं, पण ४:२:० असेल तरच. जीटीएक्स १०६० लाही ४:२:२ येत नव्हतं. मग सगळा भार चार कोअरवर पडायचा आणि ते धापा टाकायचे.

मशीन तसंच होतं. धूळ काढल्यावर तर ते २०१७ इतकंच ताजं होतं. पण पुढ्यात येणारं काम बदललं होतं. याला ‘जुनं होणं’ म्हणायचं का? भावाच्या दृष्टीने हो, आणि त्याचं बरोबर आहे. फक्त हे कॅलेंडरने ठरलं नाही. ज्या दिवशी त्याने कॅमेरा घेतला त्या दिवशी ठरलं. कॅमेरा घेताना त्याने माझ्याकडे लेन्सविषयी तासभर चौकशी केली होती, फाइल कोणत्या प्रकारची बनते हे ना त्याने विचारलं ना मी सांगितलं.

उपाय फुकटात होता: प्रॉक्सी. रात्री मशीन लावून सगळ्या क्लिपांच्या हलक्या नकला बनवायच्या, एडिटिंग नकलांवर करायचं, शेवटी रेंडर करताना सॉफ्टवेअर मूळ फाइल उचलतं. कोटेशन फाडलं गेलं आणि मशीन आणखी पाच वर्षं चाललं.

तिसरा फोन: चार वर्षं, दोन महिने

२४ जून २०२१ ला विंडोज ११ जाहीर झालं. आपलं मशीन चालेल का ते तपासायला एक छोटा प्रोग्राम दिला होता. भावाने तो चालवला. उत्तर आलं: हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही. का, ते नाही. (कारण न सांगणारा तो प्रोग्राम चार दिवसांत मागे घेतला गेला आणि दुरुस्त होऊन सप्टेंबरमध्ये परत आला.)

आधी संशय टीपीएम २.० वर होता. गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारा हा भाग. जुलै २०१६ पासून तयार ब्रँडेड कॉम्प्युटरवर तो सक्तीचा होता, पण असेंबल्ड बोर्डावर तो फर्मवेअरमध्ये असूनही बहुधा बंद ठेवलेला असायचा. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ‘पीटीटी’ नावाची ओळ चालू केली, सिक्युअर बूट चालू केलं. टीपीएम दिसू लागला. उत्तर मात्र नकाराचंच राहिलं, कारण खरी अडचण प्रोसेसरच्या यादीची होती. यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होत होती आणि एएमडीच्या रायझन २००० पासून. आमचा सातव्या पिढीचा बाहेर, मित्राचा आठ कोअरवाला रायझन १७०० सुद्धा बाहेर. दोघेही एकाच बाकावर.

यादीमागे सुरक्षा आणि स्थैर्य ही कारणं दिली होती. चाचणीत, अटी पूर्ण न करणाऱ्या मशीनवर कर्नल क्रॅश (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच बिघाड होऊन मशीन बंद पडणं) ५२ टक्के जास्त आढळले, असं मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. असेल तसं. पण रेघ ज्या जागी ओढली, तिचं तांत्रिक समर्थन वाटतं तितकं पक्कं नाही. विंडोज ११ ज्या सुरक्षेवर भर देतं त्यातली ‘मेमरी इंटिग्रिटी’ (सिस्टिमच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारा पहारा) वेगात चालायला प्रोसेसरमध्ये एक खास सोय लागते. ती इंटेलच्या सातव्या पिढीत आहे आणि एएमडीच्या झेन-२ या, रायझन २००० नंतर आलेल्या, रचनेपासून पुढे आहे. म्हणजे यादीबाहेरच्या ७७००के मध्ये ती होती आणि यादीतल्या रायझन २००० मध्ये नव्हती. त्यातून सातव्या पिढीतल्या काही मोजक्या प्रोसेसरना नंतर आत घेतलं. त्यात ७८२०एचक्यू होता, तोही ठरावीक मशीनमध्ये असला तरच. मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ या कॉम्प्युटरमध्ये हाच प्रोसेसर होता.

या सरफेस स्टुडिओमुळे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. तो विक्रीला आला २०१८ च्या उत्तरार्धात, सातव्या पिढीचा प्रोसेसर घेऊन. त्याच सुमारास आठव्या पिढीचा कॉम्प्युटर घेणारा सरळ यादीत बसला. सातवी पिढी घेणाऱ्यासाठी अपवाद करावा लागला. खरेदीची तारीख एक, पण यादीने ती पाहिलीच नाही. तिने पाहिली ती प्रोसेसरच्या जन्माची तारीख. आपण बिलावरच्या तारखेपासून वर्षं मोजतो, आणि सॉफ्टवेअर बनवणारे प्रोसेसरच्या पिढीपासून मोजतात. ‘घेतल्यावर किती दिवसांत जुना झाला’ या प्रश्नातच घोळ आहे. दुकानातून उचलला तेव्हा तो किती जुना होता, हे आधी विचारायला हवं. सवलतीत मिळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये ही वर्षं आधीच खर्च झालेली असू शकतात.

विंडोज ११ प्रत्यक्ष आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. आठव्या पिढीचा वाढदिवसही ५ ऑक्टोबर. बरोबर चार वर्षं. योगायोगच, पण भावाला सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

नियम वळसा घालून विंडोज ११ चढवता येत होतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद बदलायची. ती युक्ती मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानावर होती आणि पुढे तिथून काढली गेली. आम्ही ते केलं नाही. रोजीरोटीच्या मशीनवर, पुढचं अपडेट मिळेल न मिळेल अशा अवस्थेत काम करणं मला पटत नव्हतं, आणि विंडोज १० ला अजून चार वर्षं मुदत होती. म्हटलं, चालू दे.

चौथा फोन: साडेआठ वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्याच महिन्यात एन्व्हिडियाने जीटीएक्स १०६० च्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. सुरक्षेपुरते ड्रायव्हर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. या वेळी फोन आला तेव्हा मीही म्हणालो, हो, झाला जुना. वेगाच्या बाबतीत तक्रार नव्हती. ज्या मशीनवर दुसऱ्यांच्या मुलाखतींचं कच्चं चित्रीकरण असतं आणि जे दिवसभर इंटरनेटला जोडलेलं असतं, त्याच्या भोकांना ठिगळं लावणारा कोणी राहिला नाही, एवढं कारण मला पुरेसं होतं.

घाईत खरेदी नको म्हणून आधी वर्षभराची वाढीव सुरक्षा अपडेट घेतली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. मग निवांत शोध सुरू केला.

आणि इथे मित्राचं सांगायला हवं. २०१७ मध्ये मी ज्याला ‘घेऊ नकोस’ म्हटलं, त्याने २०२२ मध्येच आपला रायझन १७०० काढून त्याच जुन्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला होता. बायोस अपडेट केला, प्रोसेसर बदलला, यादीत बसला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. दोघांचे प्रोसेसर एकाच दिवशी बाद ठरले होते. एकाला फक्त प्रोसेसर बदलावा लागला, दुसऱ्याला बोर्डासकट सगळं. आठ वर्षांनी माझा सल्ला असा तोंडावर आपटला.

नवं मशीन बघताना भाऊ जे पर्याय पाठवत होता, त्यांची मी आधी जन्मतारीख शोधायचो. लॅपटॉपमध्ये तर नावावरून काहीच कळत नाही. रायझन ५ ७५३०यू हे नाव ७००० मालिकेचं, पण आतली रचना झेन-३, म्हणजे मूळ २०२० ची; त्या नावांत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, पहिला नव्हे. ‘एआय पीसी’ असा शिक्का असलेले इंटेलच्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरचे लॅपटॉप डिसेंबर २०२३ मध्ये आले. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ या एआय शिक्क्याची अट जाहीर झाली: एनपीयूची (एआयची कामं करणाऱ्या खास विभागाची) क्षमता किमान ४० टॉप्स, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी गणितं. त्या लॅपटॉपमधल्या एनपीयूची होती साधारण ११. पाच महिने. आमचा सहा महिन्यांचा विक्रमसुद्धा मोडला.

शेवटी डेस्कटॉपच घेतला, डिसेंबर २०२५ मध्ये. रायझन ७ ९७००एक्स, एएम-५ सॉकेटचा बोर्ड. या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलेलं आहे. पहिल्या फोनची आठवण अजून ताजी होती. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५० मालिकेतलं, केवळ एका कारणासाठी: एन्व्हिडियाच्या घरगुती कार्डांत ४:२:२ उलगडायला शिकलेली ही पहिली पिढी. प्रॉक्सी बनवत रात्री मशीन चालू ठेवणं बंद झालं.

जुन्या मशीनवर लिनक्स चढवलं आहे. ते आता संपलेल्या प्रोजेक्टांची साठवण सांभाळतं आणि त्या कामात त्याला अजिबात दम लागत नाही. धूळ मात्र दर सहा महिन्यांनी काढतो.

नव्या कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला भावाने कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहिली आहे. मला वाटलं खरेदीची असेल. वाकून पाहिलं तर ‘ऑगस्ट २०२४’. प्रोसेसर बाजारात आला तो महिना. “सोळा महिन्यांचा होऊनच घरी आलाय हा,” तो म्हणाला, आणि झाकण लावून स्क्रू पिळू लागला.